चार्ज होतो, गाणी वाजतात, पण कॉम्प्युटरला दिसत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच सांगता येईल. वडिलांचा सॅनडिस्कचा सॅन्सा क्लिप प्लस आहे, ८ जीबीचा. त्यात तीनशेच्या वर गाणी आहेत. शिवाय वडील डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, ज्या बुवांकडे शिकायला जायचे, त्यांनी तालमीत सांगितलेल्या चाली प्लेअरच्याच माइकवर रेकॉर्ड केलेल्या आहेत. बुवा आता हयात नाहीत. प्लेअर हेडफोनवर नीट वाजतो. तुमच्या नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला लावला की चार्जिंग सुरू होतं, बाकी ढिम्म. भाच्याने त्याच्या घरी त्याच्या कॉम्प्युटरला लावला, तर तिथे ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ अशी पाटी आली आणि त्याने घाबरून प्लेअर काढून घेतला. दुकानदार म्हणतो, जुनं मॉडेल आहे, विंडोज ११ घेत नाही, टाकून द्या. आणि तुम्ही विचारताय, फॉरमॅट मारून बघू का?

नका मारू. पुढचं वाचायला आज सवड नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि प्लेअर कपाटात ठेवून द्या. सवड असेल तर बसा, जरा सविस्तर सांगतो.

मी गेली सत्तावीस वर्षं कोकणात एका लहान गावात दुरुस्तीचं दुकान चालवतो. सुरुवात टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलण्यापासून आणि हेड स्पिरिटने पुसण्यापासून झाली. मग सीडी आल्या, मग हे एमपीथ्री प्लेअर आले, आता काउंटरवर निम्म्याहून जास्त मोबाइलच असतात. ‘कॉम्प्युटर घेत नाही’ असं म्हणत जे प्लेअर माझ्याकडे येतात, त्यांतले बहुतेक स्वतः शाबूत असतात. बिघाड प्लेअर आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या वाटेवर कुठेतरी असतो. तुमचं वर्णन वाचून मला तुमच्याकडे एक नाही, दोन वेगवेगळे बिघाड दिसतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सगळं अवघड वाटतंय. ते सुटे करू. पण त्याआधी एक काम.

प्लेअर हेडफोनवर वाजतोय, ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. मेमरी जिवंत आहे, आतली चिप ती वाचतेय, बॅटरीही तग धरून आहे. हे मॉडेल २००९ मध्ये आलं, तेव्हा तुमचा प्लेअर बऱ्यापैकी म्हातारा असणार आणि यातलं उद्या काय बसेल, सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरशी झटापट करण्याआधी बुवांच्या चाली हेडफोनच्या भोकातूनच बाहेर काढून घ्या. दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली ऑक्स केबल घ्या, जी गाडीच्या स्टिरिओला लावतात तीच. एक टोक प्लेअरला, दुसरं कॉम्प्युटरच्या माइकच्या किंवा लाइन-इनच्या जागी. नव्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं. तिथे ही केबल थेट लावून उपयोग होत नाही, तेव्हा माइकचं वेगळं भोक असलेलं यूएसबी साउंड कार्ड आणा. दोन-चारशे रुपयांत मिळतं. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवा, लाल बटण दाबा, प्लेअरवर चाल लावा.

प्लेअरचा आवाज निम्म्यावर ठेवा. स्क्रीनवरची पट्टी लाल होत असेल तर आणखी खाली आणा, नाहीतर झांज वाजली की फाटल्यासारखा आवाज येईल आणि तो नंतर कशानेही नीट होत नाही. ही साउंड कार्डं बहुतेक मोनो असतात, पण प्लेअरच्या एवढ्याशा माइकवर बोललेल्या आवाजात स्टिरिओचं काही नसतंच, तेव्हा नुकसान नाही. सहा तासांचं रेकॉर्डिंग असेल तर सहाच तास लागतील, हे कंटाळवाणं आहे खरं. रविवारी लावून ठेवा आणि शेजारी बसून ऐका. गाणी राहू देत, ती कुठेही मिळतील.

हे झालं की मन निवांत होतं. मग पुढचे प्रयोग हात न थरथरता करता येतात.

आता मूळ बिघाड. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल, काळी, पांढरी आणि हिरवी. लाल-काळीतून पाच व्होल्टचा वीजपुरवठा होतो. पांढरी-हिरवीतून बोलणं चालतं. चार्जिंगला पहिल्या दोनच पुरतात. म्हणून ‘चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली आहे’ हे जे सगळे गृहीत धरतात, ते अर्धंच खरं. चार्जिंगवरून फक्त दोन तारा जिवंत आहेत एवढंच कळतं. उरलेल्या दोन तारांबद्दल काहीच कळत नाही.

बोलणं कसं चालतं तेही थोडक्यात पाहू. प्लेअर लावला की तो आतल्या एका रेझिस्टरने त्या दोन तारांपैकी एक वर ओढून धरतो. हात वर करून ‘मी आलो’ म्हणावं तसं. कॉम्प्युटर ते बघतो आणि विचारतो, ‘कोण?’ प्लेअर आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक सांगतो, मी कुठल्या जातकुळीचं यंत्र आहे तेही सांगतो. मग विंडोज त्याला साजेसा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राशी कसं बोलायचं ते सांगणारं छोटं सॉफ्टवेअर, शोधतं. ड्रायव्हर लागला की मेमरी उघडून आतली फाइलींची मांडणी वाचतं. ती वाचता आली की ड्राइव्हला एक अक्षर देतं आणि मगच तुम्हाला खिडकीत काही दिसतं.

‘ओळखत नाही’ ही तक्रार यांपैकी कुठल्याही पायरीवरची असू शकते आणि दर पायरीचा उपाय निराळा. मी काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारतो: लावल्यावर कॉम्प्युटर ‘टडंग’ वाजतो का? आवाज मुळीच येत नसेल, तर हात वर केलेलाच कॉम्प्युटरला दिसलेला नाही. तिथे ड्रायव्हर शोधत बसणं म्हणजे फोनची वायर तुटली असताना पलीकडच्याला कुठली भाषा येते याची चर्चा करणं. आवाज येतो आणि ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असं येतं, तर हात दिसला पण नाव नीट ऐकू आलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, तेव्हा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ दिसतो. आणि ‘फॉरमॅट करा’ आलं, तर बाकी सगळं पार पडलंय, फक्त शेवटची मांडणी वाचता आली नाही.

आता तुमच्या दोन्ही घरांकडे या नजरेने बघा. भाच्याकडे ‘फॉरमॅट करा’ आलं. म्हणजे तिथे हात दिसला, नाव ऐकू आलं, ड्रायव्हर लागला. प्लेअरचा बोर्ड, त्याचं मिनी-यूएसबीचं भोक, आतले टाके हे सगळं ठीक असल्याशिवाय गाडी इथवर येतच नाही. तुमच्याकडे मात्र पहिल्याच पायरीवर शुकशुकाट. तोच प्लेअर, मग बदललं काय? कॉम्प्युटर आणि केबल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज असा, की भाच्याने त्याच्याकडची केबल वापरली आणि तुम्ही घरात सापडली ती. माझं बोट तुमच्या केबलकडे आहे.

हे नुसत्या अंदाजाने नाही बोलत. मागच्या पावसाळ्यात एक मास्तर असाच एक प्लेअर घेऊन आले होते. त्यांनी दोन कॉम्प्युटर बदलून पाहिले होते, एका जाणत्याकडून विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं, त्या नादात लॅपटॉपमधले स्वतःचे फोटोही घालवले होते. केबल मात्र तिन्ही ठिकाणी तीच. दिसायला झकास, जाड, कापडाची वीण असलेली. मी त्यांच्यासमोर मीटर कंटिन्युइटीवर लावला, म्हणजे तार सलग असली की तो बीप करतो. एका टोकाच्या बाहेरच्या पिनवर एक सुई, दुसऱ्या टोकाच्या पिनवर दुसरी: बीप. दुसरी बाहेरची पिन: बीप. मधल्या दोन पिनांना लावली, सगळ्या जोड्या फिरवून बघितल्या, मीटर गप्प. मास्तरांना खरं वाटेना. मग त्यांच्याच परवानगीने ब्लेडने मधोमध चिरली. वरची वीण सोलली, आतलं रबर कापलं, तर आत लाल आणि काळी अशा दोनच तारा आणि बाकी जागा भरायला सुती दोरा. ही केबल बनवतानाच फक्त चार्जिंगसाठी बनवलेली होती. हेडफोन, ट्रिमर, दिवे यांच्याबरोबर अशा केबली येतात आणि घरातल्या वायरींच्या डब्यात जाऊन बाकीच्यांत मिसळतात.

तुमच्या प्लेअरला मिनी-यूएसबी लागते, मोबाइलला यायची ती मायक्रो नव्हे. पिनेचं तोंड जरा जाड आणि आखूड. आता ती सहज मिळत नाही. जुना डिजिटल कॅमेरा, जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क, गाडीचा जुना डॅशकॅम यांच्याबरोबर आलेली असेल तर शोधा. कॅमेऱ्याची किंवा हार्ड डिस्कची असेल तर उत्तम, कारण ती मुळात डेटासाठीच दिलेली असते. विकत घ्यायची तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवारात तपकीर गल्लीत मिळून जाईल. दुकानदाराला ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगा आणि शक्यतो अर्ध्या हाताहून लांब घेऊ नका. लांब आणि बारीक केबलीत बोलणं अडखळतं, मग कोड ४३ येतो आणि माणूस ड्रायव्हरच्या मागे लागतो.

लॅपटॉप नवा आहे म्हणता, तर त्याला जुनी चौकोनी भोकं आहेत की फक्त टाइप-सी? मध्ये एखादं कन्व्हर्टर किंवा हब लावत असाल तर तेही संशयितांच्या यादीत घ्या. काही स्वस्त कन्व्हर्टरही नुसती वीज पुढे देतात. डेस्कटॉप असेल तर पुढची भोकं सोडून मागची वापरा. पुढच्या भोकांना आतून बारीक वायर गेलेली असते आणि ती सैल झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

केबल बदलूनही आवाज आला नाही, तर प्लेअरचं भोक बघा. आपल्याकडची हवा तुम्हाला माहीतच आहे. चार महिन्यांच्या पावसात तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो आणि खिशातला कापूस त्यावर दाबून बसतो. बॅटरीच्या उजेडात भिंगातून बघा, आत पाच बारीक पट्ट्या दिसतील. दात घासायचा जुना मऊ ब्रश, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, प्लेअर बंद करून हलकेच फिरवा आणि तासभर वाळू द्या. सुई, टाचणी, सेफ्टी पिन आत घालू नका. पट्टी एकदा वाकली की ती सरळ करायला माझ्यासारख्याकडेच यावं लागतं आणि तेव्हाही खात्री नसते. पण भाच्याकडे बोलणं झालेलं असल्यामुळे तुमच्या बाबतीत याची शक्यता मला कमी वाटते.

आता दुसरा बिघाड, ‘फॉरमॅट करा’ म्हणणारा. इथे मला एक वेगळीच शंका आहे आणि ती खरी निघाली तर तुम्ही हसाल.

क्लिप प्लसच्या कडेला मायक्रोएसडी कार्डाची खाच असते. वडिलांच्या प्लेअरमध्ये कार्ड आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असा प्लेअर कॉम्प्युटरला लावला की एक नाही, दोन ड्राइव्ह दिसतात. एक आतल्या मेमरीचा, दुसरा कार्डाचा. कार्ड खराब झालेलं असेल तर विंडोज त्या दुसऱ्या ड्राइव्हबद्दल ‘फॉरमॅट करा’ म्हणतं, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं की सगळा प्लेअरच गेला. भाच्याने पाटीवरचं अक्षर वाचलं होतं का? ई, एफ, जी जे असेल ते. पाटी बंद करून शेजारच्या ड्राइव्हमध्ये डोकावलं असतं, तर कदाचित सगळी गाणी तिथे सुखरूप दिसली असती.

याची परीक्षा घरच्या घरी, कॉम्प्युटरशिवाय होते. प्लेअर बंद करा. कार्ड असेल तर नखाने आत हलकं दाबून सोडा, ते बाहेर येईल. आता प्लेअर सुरू करून बुवांची एखादी चाल लावा. वाजली, तर ती आतल्या मेमरीत आहे आणि खराब कार्डाशी तिचा संबंध नाही. वाजली नाही किंवा यादीतच दिसली नाही, तर ती कार्डावर आहे. मग कार्ड परत घालून प्लेअरवर वाजतं का ते ऐका आणि वर सांगितलेलं ऑक्स केबलचं काम ताबडतोब करा. खाच रिकामीच असेल, तर ही शंका निकालात निघाली आणि पाटी आतल्या मेमरीबद्दलच होती असं धरून चला.

प्लेअर स्वतः वाचतो आणि विंडोजला वाचता येत नाही, असं आतल्या मेमरीचंही होऊ शकतं. फाइली उतरत असताना केबल ओढून काढली, किंवा मध्येच बॅटरी गेली, की मांडणीच्या सुरुवातीच्या नोंदी अर्धवट राहतात. प्लेअर त्याकडे काणाडोळा करून चालवून नेतो, विंडोज अडून बसतं. अशा वेळी गाणी जागच्या जागी असतात, बिघडलेली असते ती अनुक्रमणिका. फॉरमॅट म्हणजे ती अनुक्रमणिका फाडून कोरी लावणं. पुस्तकाची पानं राहतात, पण त्यांवर नवं काही लिहिलं की तीही जातात.

फॉरमॅटइतकाच मला दुसऱ्या एका शहाण्या उपायाचा धसका आहे: चेकडिस्क. ‘एरर आहेत, दुरुस्त करू का’ असं विंडोज नम्रपणे विचारतं आणि आपण हो म्हणतो. ते दुरुस्ती जागेवरच करतं, आधी प्रत काढून ठेवत नाही. एका गिऱ्हाइकाने असं केल्यावर त्याच्या सगळ्या फाइली ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी तुकडे होऊन पडल्या, शेवटी ‘सीएचके’ हे शेपूट लागलेल्या. त्यातल्या काहींचं शेपूट बदलून ‘डब्ल्यूएव्ही’ (आवाजाच्या फाइलीचा एक प्रकार) केल्यावर त्या वाजल्या, काहींचा अर्धाच भाग हाती आला. आधी प्रत असती तर सगळ्या मिळाल्या असत्या.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सगळ्या मेमरीची जशीच्या तशी प्रत, मग प्रतीवर प्रयोग. मी त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं सॉफ्टवेअर वापरतो. तुम्हाला विंडोजवरच करायचं असेल आणि ड्राइव्हला अक्षर आलेलं असेल, तर विन३२ डिस्क इमेजर चालतं. त्यात ‘रीड’ आणि ‘राइट’ अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. तुम्हाला ‘रीड’ दाबायचंय. दाबायच्या आधी एकदा चष्मा लावून बघा. मी विनोद करत नाही. ८ जीबीचा प्लेअर, म्हणजे जवळपास तेवढीच फाइल तयार होईल. त्या फाइलीवर फोटोरेक चालवा. नावावर जाऊ नका, ते फोटोंबरोबर आवाजाच्या फाइलीही शोधतं आणि फुकट आहे. फाइलींची मूळ नावं मिळत नाहीत, पण तुमच्या प्लेअरचं स्वतःचं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये असतं आणि गाणी बहुधा एमपीथ्री, तेव्हा दोन्ही सहज वेगळी करता येतील.

दुकानदार म्हणाला ते मला पटत नाही, त्याचं कारणही सांगून टाकतो. या प्लेअरला कॉम्प्युटरशी बोलायच्या दोन भाषा येतात. एमएससीमध्ये तो स्वतःला पेन ड्राइव्ह म्हणवतो. एमटीपीमध्ये म्हणतो, मी संगीताचं यंत्र आहे, फाइल हवी तर माझ्याकडे माग. पेन ड्राइव्हची भाषा विंडोजला २००० सालच्या आवृत्तीपासून उपजत येते. विंडोज ९८ ला तेवढी वेगळी ड्रायव्हरची सीडी घालावी लागायची. विंडोज ११ तुमचा प्लेअर न घेण्याचं वयामुळे काही कारण नाही. शिवाय एमटीपीत ड्राइव्हला अक्षर मिळत नाही, त्यामुळे विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणूच शकत नाही. भाच्याकडे ती पाटी आली, त्या अर्थी तिथे प्लेअर एमएससीतच बोलत होता.

तरी खात्रीसाठी प्लेअरवर सेटिंग्ज, मग सिस्टिम सेटिंग्ज, त्यात यूएसबी मोड उघडा. ऑटो डिटेक्ट, एमटीपी, एमएससी असे तीन पर्याय दिसतील, एमएससी निवडा. ऑटोवर असेल तर एका कॉम्प्युटरशी तो एका भाषेत बोलतो, दुसऱ्याशी दुसऱ्या. आणि इथे या प्लेअरची एक खोड आहे, तिने भल्याभल्यांना रडवलंय: एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. प्लेअरवर वाजतात, कॉम्प्युटरवर फोल्डर रिकामं. तुमच्याकडे असं झालं तर गाणी उडाली म्हणून हाय खाऊ नका, मोड बदलून परत लावा.

विंडोजच्या बाजूचं फार लिहीत नाही, कारण तुमची अडचण तिथवर पोचलेलीच नाही. एवढं करा. नवी केबल लावल्यावर विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे खाली प्लेअरच्या मापाची पट्टी दिसते पण अक्षर नाही, असं असेल तर उजवं क्लिक करून अक्षर द्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे हमखास होतं, कारण नेटवर्कच्या ड्राइव्हने अक्षर आधीच अडवलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह असेल तर त्यावर अनइन्स्टॉल, प्लेअर काढा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करा, परत लावा. इंटरनेटवरून ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जे मिळतं ते उतरवू नका.

प्लेअरच गोठला, बटणांना दाद देत नाही, असं मध्येच झालं तर पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरा आणि सोडा. आतलं काही पुसलं जात नाही. आणि प्लेअरची पाठ फुगलेली, दोन भागांतली फट रुंदावलेली दिसली, तर मात्र चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचंही नाही. ती बॅटरी फुगली आहे. तसाच घेऊन जाणत्याकडे जा.

हे सगळं तुमच्या प्लेअरपुरतं. तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या दुसऱ्या कुणाकडे वेगळं यंत्र असेल तर काही गोष्टी बदलतात. आयपॉड असेल आणि तो पूर्वी मॅकवर भरलेला असेल, तर विंडोजला त्याची मांडणी वाचता येत नाही आणि तेही ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. तिथे बिघाड काहीच नसतो, आयपॉड मॅकला लावायचा एवढंच. आयपॉडमधली गाणी ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी अगम्य नावांनी ठेवलेली असतात. ती नावं बघून फाइली बिघडल्या असं समजू नका, खरं नाव फाइलीच्या पोटात लिहिलेलं असतं. युरोपात घेतलेल्या लॅपटॉपवर विंडोजची ‘एन’ आवृत्ती असू शकते. तिच्यात मीडियाचा भाग काढून टाकलेला असतो, त्यामुळे एमटीपीचे प्लेअर दिसत नाहीत; सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक घातला की दिसू लागतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा जर्मनीत असतो, त्याचं हे दुखणं फोनवरच बरं झालं. आणि हल्ली टाइप-सीचं भोक असलेले जे स्वस्त प्लेअर येतात, त्यांतल्या काहींत दोन बारीक रेझिस्टर गाळलेले असतात. ते दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जसुद्धा होत नाहीत. एका टोकाला जुनी चौकोनी पिन असलेली केबल लावली की लगेच जागे होतात.

तुम्ही आता एवढंच करा: रविवारी ऑक्स केबलने चाली उतरवून घ्या, कार्ड काढून ती परीक्षा करा, मोड एमएससीवर ठेवा आणि खात्रीची मिनी-यूएसबी डेटा केबल मिळवा. मग लॅपटॉपला लावा आणि मला तीन गोष्टी कळवा. लावल्यावर आवाज येतो का, ड्राइव्ह किती दिसतात, आणि ‘फॉरमॅट करा’ परत आलंच तर त्या पाटीवर कुठलं अक्षर आहे. पाटी आली तर ‘कॅन्सल’ दाबा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भाच्याला विचारून त्याची केबलच दोन दिवस मागून आणलीत, तर बाजारात जायचीही गरज नाही.